नवस फेडल्यानंतरचं दुखणं

मी हे लिहावं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे मला माहीत असलेलं लिहिणं परीक्षेतलं. तिथं प्रश्न छापलेला असतो, उत्तर किती मार्कांचं हेही बाजूला दिलेलं असतं. इथं मला कुणी काही विचारलेलं नाही. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणं सोसणारी माणसं मी आमच्याच गल्लीत पाहिली आहेत, आणि त्यांनी कधी त्याबद्दल चार ओळी लिहिल्या नाहीत. तेव्हा आधीच माफी मागतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पान उलटावं, मला वाईट वाटणार नाही. म्हणजे थोडं वाटेल, पण ते माझं मी पाहून घेईन.

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं. थोडी शेती, विहिरीवर वांगी आणि मिरची, बाकी कपाशी. भाजी धामणगाव बढेच्या बाजाराला जाते, मी मलकापूरला कॉलेजला जातो. कंबर दुखायला लागली तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. सुरुवातीला सगळ्यांनाच वाटलं, की फवारणीचा पंप पाठीवर घेतल्यामुळे झालं असेल. आईनं तीळतेल लावलं, एका काकांनी पाठीवर पाय देऊन पाहिला. पण ते दुखणं कामाचं नव्हतं. कामाचं दुखणं रात्रीतून उतरतं. हे रात्रीतून चढायचं. सकाळी डोळे उघडले की पाठ कुणीतरी सिमेंट ओतून ठेवल्यासारखी असायची. आधी एका कुशीवर व्हायचं, मग पाय खाली सोडायचे, मग हातांवर जोर देऊन उठायचं. मोजे घालायचे असले तर त्याहून वेळ. दुपारपर्यंत जरा सैल व्हायचं आणि संध्याकाळी थकवा यायचा.

या थकव्याबद्दल मला नीट सांगता येत नाही. थकवा म्हटलं की लोक म्हणतात, झोप काढ. झोपेचा आणि त्याचा काही संबंध नाही. भरपूर झोपून उठल्यावरसुद्धा ग्लास उचलायचा तर आधी मनात ठरवावं लागतं, असा तो थकवा आहे.

रक्त तपासलं, फोटो काढले, गोळ्या बदलल्या. शेवटी बुलढाण्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की हा मणक्यांचा संधिवात आहे. तरुण वयातच होतो, जात नाही, सांभाळावा लागतो. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे शुगरसारखं का साहेब?"

डॉक्टर म्हणाले, "हो, तसंच समजा."

परतताना मोताळ्याला चहाला थांबलो तेव्हा बाबा म्हणाले, "शुगर तं म्हाताऱ्याले होते."

डॉक्टरांनी मला मलकापूरच्या एका मॅडमकडे पाठवलं. त्या व्यायाम शिकवतात. मला वाटलं होतं, हात वर करा, पाय वर करा, एवढंच असेल. त्यांनी आधी मला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "ज्या दिवशी बरं वाटतं, त्या दिवशी काय करता?"

मी म्हटलं, "राहिलेलं सगळं करून टाकतो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी उठता येत नाही."

त्या हसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चांगल्या दिवशी तुम्ही उधळता आणि मग पडून राहता, पडून राहिलात की पाठ आणखी आवळते, आणि मग पुन्हा चांगल्या दिवसाची वाट पाहता. हे चाक थांबवायचं असेल तर एकच गोष्ट करायची. दुखायच्या आधी थांबायचं. थोडं काम, मग उठून थोडं चालायचं, थोडं आडवं व्हायचं, मग पुन्हा थोडं काम. वाईट दिवशीही तेवढंच आणि चांगल्या दिवशीही तेवढंच. मोबाइलचा गजर लावा. गजर झाला की हातातलं टाका. काम संपलं की नाही हे बघायचंच नाही.

ऐकायला हे सोपं आहे. आमच्याकडे ते अशक्य आहे.

आमच्याकडे माणूस कामातून उठतो तो काम संपलं म्हणून. निंदायला गेलात की प्रत्येकाला चारपाच ओळी वाटून मिळतात, त्याला पात म्हणतात. पात लागली की ती शेवटपर्यंत काढायची, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जाऊनच पाठ सरळ करायची. पात अर्ध्यात सोडून उठणारा माणूस एक तर आजारी असतो नाही तर भांडलेला. मी भांडलेलो नव्हतो. आणि आजारी दिसतही नव्हतो. माझं वजन बरं आहे, रंग बरा आहे, प्लास्टर नाही, काठी नाही. मोबाइल वाजायचा आणि मी ओळीच्या मध्यात विळा ठेवून धुऱ्यावर चालायला लागायचो.

शेजारच्या शेतातले काका लांबूनच ओरडायचे, "काऊन बे, सुटली का शाळा?"

एकदा म्हणाले, "याले सरकारी नोकरी लागली पाहा. घंटी झाली का सुट्टी!"

निंदणाऱ्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. हसलं की विषय लवकर संपतो.

पण मी ते सोडलं नाही. शेतातलं वाकायचं काम बाबांनी कमी केलं, मी वांगी निवडायला आणि गोणपाटात भरायला बसायचो, तेही गजरावर. अभ्यास उभ्यानं करायचो, कोनाड्यात पुस्तक ठेवून. कॉलेजला जाताना सवारीची गाडी भरलेली असली की मी ती सोडायचो, कारण दाटीत मुडपून बसलं की पूर्ण दिवस जायचा. एका लेक्चरनंतर मैदानाला चक्कर, मग दुसरं. मित्र कॅन्टीनला बसायचे तेव्हा मी ग्रंथालयाच्या मागच्या ओट्यावर आडवा व्हायचो. हे असं करायला फार मन लागतं, हे मला आधी माहीत नव्हतं. सगळ्यात अवघड असतं ते बरं वाटत असताना थांबणं. अंगात जोर असतो, हातातलं काम थोडंच राहिलेलं असतं, आणि तुम्ही ते टाकून निघून जाता. आपण आळशी आहोत असं आपल्यालाच वाटायला लागतं.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात फरक पडला. दुखणं होतंच, पण सकाळी लवकर सुटायला लागलं. पडून राहण्याचे दिवस जवळजवळ थांबले. मला इतका आनंद झाला होता की मी मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, छान, आता चालू ठेवा, काही बदलू नका.

घरात हे कुणाला सांगायची गरजच नव्हती. आई रोज बघत होती.

एके दिवशी मी अंगणातून बादली घेऊन गेलो, अर्धी भरलेली. आई भाकरी थापता थापता बाबांना म्हणाली, "पाहा बरं कसा चालून राह्यला. कोणाची नजर नोको लागू."

बाबा म्हणाले, "हाव."

"म्हसोबाले बोलली होती मी. पोराची कंबर मोकळी झाली का रोडगे करीन म्हटलं. आता करून टाकू. परीक्षेच्या आधी."

मी बादली खाली ठेवली. म्हटलं, "आई, मोकळी नाही झाली. मी सांभाळून राह्यलो म्हणून कमी दुखते."

"मंग तेच तं म्हणते मी! कमी दुखते म्हणजे देवानं ऐकलं."

"ते गजरामुळं..."

"गजर वाजवून दुखणं जाते का रे कधी?"

खरं तर तिचं चूक नव्हतं. ज्याला जे दिसतं ते तो बोलतो. मी जितकं नीट थांबत होतो तितका बरा दिसत होतो, आणि जितका बरा दिसत होतो तितकं थांबायचं कारण लोकांच्या लेखी उरत नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं असं नाही. तेव्हा मी फक्त बादली उचलून आत नेली.

संध्याकाळी मी बाबांना एकट्याला गाठलं. म्हटलं, रोडगे पुढे ढकला, परीक्षा झाल्यावर करू. ते विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर उघडून बघत होते. मग म्हणाले, "करू दे तिले. दोन वर्षं झाली ती मंगळवार धरून राह्यली. तुले दिसते का ती उपाशी असते ते?"

मला दिसत होतं.

रोडगे बाहेरच्या वाचकांना माहीत नसतील म्हणून सांगतो. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे हे गोळे, एकात एक भरलेले, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे. राख झटकायची, फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. स्वयंपाक शेतात, देवापुढे, आणि करणारे बहुतेक पुरुष. आमच्या म्हसोबाला धुऱ्यावरच्या निंबाखाली शेंदूर लावलेला आहे. आमच्या भावकीत आणखी एक रीत आहे. ज्याच्यासाठी नवस बोललेला, त्यानं कणीक मळायला पहिला हात लावायचा, पंगतीला स्वतः वाढायचं आणि सगळे उठल्यावर जेवायचं. म्हणजे लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहावं, की देवानं दिलेलं शाबूत आहे.

त्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. माणसं सकाळपासून जमली. मी परातीपुढे उकिडवा बसलो आणि मळायला लागलो. थोड्या वेळानं खिशातला मोबाइल थरथरला. आवाज मी बंद करून ठेवला होता. तो थरथरून थांबला. पुन्हा थरथरला. नंतर मी तो काढून झोळीत टाकला.

शेजारचे काका गोवऱ्या रचत होते. "काय बे, आज घंटी नाही वाजली?"

दुसरं कुणी तरी म्हणालं, "आज देवानं बंद केली ना."

सगळे हसले. आई भाजीच्या कढईपाशी होती, तीही हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी फार दिवसांनी पाहत होतो. तिनं नवी नाही, पण ठेवणीतली साडी नेसली होती.

मग पंगत. वरणाची बादली माझ्याकडे. वाकायचं, पळी घालायची, सरळ व्हायचं, पुढच्या पानापाशी वाकायचं. पहिल्या ओळीला मी गुडघे मोडून कसंबसं निभावलं. दुसऱ्या ओळीला गुडघे ऐकेनात, तेव्हा वरूनच ओतलं. एका म्हाताऱ्याच्या धोतरावर शिंतोडे उडाले.

"अरे वाक की बापा जरा! लांबून काय विमानातून फवारून राह्यला?"

मी वाकलो. मग प्रत्येक पानापाशी वाकलो. आई बघत होती आणि बाबा दुसरीकडे बघत होते. एकदा ते माझ्याजवळ आले आणि बादलीला हात घातला. एक आत्या म्हणाली, "तुम्ही नोको भाऊ, त्यालेच वाढू द्या, त्याचा मान आहे." त्यांनी हात काढून घेतला.

सगळे उठल्यावर मी जेवायला बसलो तेव्हा भूक राहिलेली नव्हती. खाल्लं मात्र पोटभर, कारण आई समोर बसून वाढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कुशीवर होता येईना. मी छताकडे बघत पडून होतो. पत्र्याला एक भोक आहे, त्यातून ऊन आत येतं, ते भिंतीवरून खाली सरकत गेलं तरी मी तिथंच. आई आत आली. म्हणाली, "उठला नाही?"

मी म्हटलं, "आई, दुख..."

तिनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला राखेचा वास होता. "नोको म्हणू," ती म्हणाली. "कालच फेडला. आज दुखते म्हणशील तं देव खोटा पडंल. आन् मंग तो सोडत नाही."

ती रागावलेली नव्हती. घाबरलेली होती. तिच्या हाताच्या आतून मी मान हलवली. मग म्हटलं, "झोप नाही झाली, म्हणून पडलो."

"पड मंग," ती म्हणाली, आणि तिला बरं वाटलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द बंद झाला. दुखणं होतं, आधीपेक्षा जास्त होतं, पण ते कुठं ठेवावं हे मला समजत नव्हतं. पूर्वी निदान गजर वाजला की मी उघडपणे उठायचो, लोक हसायचे, पण त्यांना कारण माहीत असायचं. आता गजर वाजला तर आईकडे बघायला लागायचं. मी तो बंदच केला. थांबायचं तर लपून थांबायचं. मोटार बघून येतो म्हणून निघायचो आणि धुऱ्यावरच्या निंबाखाली, त्या शेंदूर लावलेल्या दगडाशेजारी आडवा व्हायचो. त्याच्यासमोर लपवायची मला कधी गरज वाटली नाही. घरी परतताना मात्र अंगावरची माती झटकून, पाठ सरळ करून, नीट चालत दारातून आत यायचं. त्या नीट चालण्यानंच संध्याकाळचा सगळा जोर जायचा. लपून घेतलेल्या विश्रांतीनं विश्रांती होत नाही. कान बाहेरच असतात.

इकडे परीक्षा जवळ येत होती. शेवटचं सेमिस्टर, तीन तासांचे पेपर. एका बाकावर तीन तास बसणं मला जमणार नाही हे मला आधीपासून माहीत होतं. म्हणून रोडग्यांच्या पुष्कळ आधी मी कॉलेजात अर्ज दिला होता, डॉक्टरांच्या पत्रासकट. मागणी एवढीच, की पेपरात मध्ये मध्ये उठून खोलीतल्या खोलीत चालू द्यावं आणि तेवढा वेळ शेवटी वाढवून द्यावा. ही परवानगी मिळाली तर मी पदवीधर होणार होतो, आणि नाही मिळाली तर होईन की नाही ते मला सांगता येत नव्हतं. बाबांनी कपाशीच्या व्यापाऱ्यापासून बस कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की पोरगं यंदा ग्रॅज्युएट होते.

ऑफिसातल्या क्लार्क सरांनी सांगितलं होतं की माझा आजार त्यांच्या यादीत नाही, विद्यापीठाला विचारावं लागेल. मी विचारायला जायचो, ते म्हणायचे, अजून पाठवायचा आहे, प्राचार्यांची सही राहिली.

रोडग्यांनंतर काही दिवसांनी मी पुन्हा गेलो. खिडकीपुढे रांग होती. माझ्या मागे आमच्याच गावचा एक मुलगा उभा होता. क्लार्क सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

"या, या. तुमच्या रोडग्याले माझा साळा आलता. भाजी लय झकास झाली म्हणे."

मी म्हटलं, "हो सर."

"मंग आता अर्ज कायले पाठवू? देवानंच परवानगी दिली ना तुले."

रांगेत एकदोघं हसली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना खरंच तसं वाटलं असणार. मी म्हटलं, "पाठवा सर. लागते."

"काऊन लागते?"

मी मागे पाहिलं नाही, पण गावचा तो मुलगा मागे आहे हे माझ्या मानेला कळत होतं. मी इथं जे बोलेन ते माझ्याआधी घरी पोहोचणार होतं. मी हळूच म्हटलं, "अजून दुखते, सर."

"मोठ्यानं बोल बाबा. पंख्यात ऐकू नाही येत."

"दुखते," मी म्हटलं. "आधीपेक्षा जास्त दुखते."

क्लार्क सरांनी फाइल ओढली, माझा अर्ज काढला आणि वर ठेवला. म्हणाले, "आज सही घेतो. उत्तर कधी येईल ते मात्र माझ्या हातात नाही."

मी घरी पोहोचलो तेव्हा आई ओसरीवर मिरचीचे देठ मोडत होती. वर पाहिलं नाही. मी चपला काढल्या, पाणी प्यालो, तिच्याशेजारी बसलो. बसलो की पाठ आवळते म्हणून पुन्हा उभा राहिलो. तेव्हा ती म्हणाली, "माझ्या तोंडावर म्हणला असता तं बरं झालं असतं."

"तू म्हणू देत नव्हती, आई."

"म्हणून ऑफिसात जाऊन म्हणला? लोकायच्या समोर?"

मी सांगितलं की परवानगीसाठी म्हणावं लागलं. परवानगी म्हणजे काय, कशासाठी, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. देठ मोडत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "लोक म्हणतीन, यायनं घाई केली. नवस फिटलाच नव्हता आन् पंगत घातली." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मीच घाई केली."

मी तिला म्हणायला हवं होतं की तसं नाही. काय म्हणावं ते सुचेपर्यंत ती सूप घेऊन आत गेली. पुढच्या मंगळवारी तिनं पुन्हा उपास धरला. मी तिला नको म्हणू शकलो नाही, आणि ती मला आडवा हो म्हणू शकली नाही. आम्ही दोघं एकाच घरात असे वागत होतो, जणू मध्ये झोपलेलं कुणी उठेल.

परवानगी परीक्षेच्या आधी आली नाही. रोज सकाळी बाबा मला गाडीवर सोडायला यायचे. वाटेत एका निंबापाशी ते आपोआप गाडी थांबवायचे आणि बिडी काढायचे. ते बिडी ओढेपर्यंत मी रस्त्याच्या कडेनं चालून घ्यायचो. एरवी बाबा गाडी चालवताना बिडी ओढत नाहीत आणि थांबूनही ओढत नाहीत.

पहिले पेपर निघाले. मी मॅडमनी शिकवलेलं सगळं वापरलं. मोठं उत्तर आधी, पाठ ताजी असताना. पाणी पिण्याच्या निमित्तानं उठायचं. पुरवणी मागायला मुद्दाम स्वतः टेबलापर्यंत जायचं. एका पेपरात पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "बसल्या जागी मागितली तरी देईन," तर मी म्हटलं, "नाही मॅडम, येतो मी." त्या चमकून बघत राहिल्या. पेपर झाला की घरी जाऊन आडवा. पुढच्या पेपरचा अभ्यास आडव्यानं, पुस्तक डोक्यावर धरून, हात भरून येईपर्यंत.

शेवटचा पेपर इतिहासाचा होता. माझा आवडता विषय. आदल्या दिवशी पाहुणे आले होते आणि मला बराच वेळ त्यांच्यासमोर खुर्चीत, बरा माणूस बसतो तसं बसावं लागलं होतं. पेपराच्या मध्यावर कंबरेपासून वर सगळं एक झालं. मान वळवायची तर पूर्ण अंग वळत होतं. मी हात वर केला.

पर्यवेक्षक सर जवळ आले. मी म्हटलं, "सर, थोडं उभ्यानं लिहू का? पाठीचा त्रास आहे."

"परवानगी आहे का?"

"अर्ज पाठवलेला आहे."

ते बिचारे खरंच अडचणीत पडले. दाराकडे बघत म्हणाले, "एरवी मी काही म्हटलं नसतं. पण आज पथक फिरून राह्यलं. तू उभा दिसला का मले विचारतीन. थोडं बस ना बाबा. थोडंच राह्यलं."

मी बसलो. एक उत्तर अर्धं लिहिलं. मला सगळं येत होतं, ही गोष्ट मला अजून सोडत नाही. दोन प्रश्न कोरे होते आणि दोन्ही मला येत होते. अक्षर कागदावरून उतरायला लागलं. शेवटी मी उत्तरपत्रिका बांधली आणि दिली. सर म्हणाले, "झाला?" मी म्हटलं, "हो." फाटकाबाहेर बाबा उभे होते. मी वेळेआधीच बाहेर आलो होतो. त्यांनी गाडी लावली होती तिथंच राहू दिली आणि आम्ही दोघं रस्त्यानं मोंढ्याच्या बाजारापर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

निकाल लागला. इतिहासात गेलो. बाकी सगळ्यांत पास. विचारणाऱ्यांना बाबा सांगायचे, "एक विषय राह्यला." शेजारचे काका म्हणाले, "एकानं काय होते, काढून टाकंल." त्यांनी तेव्हा टोमणा मारला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. एक दिवस मी वांगी निवडत असताना आई म्हणाली, "झाला ना वेळ, ऊठ." गजर मी पुन्हा सुरू केलेला नव्हता. तिनं तो अंदाजानं धरला होता. मी उठलो. तो शब्द मात्र आम्ही दोघांनीही उच्चारला नाही, अजूनही उच्चारत नाही.

पावसाळा चांगला लागला होता, शेतात निंदणी चालली होती, तेव्हा एका दुपारी क्लार्क सरांचा फोन आला. मी ओसरीवर आडवा होतो. घरात कुणी पाहुणं नसेल तर आता मी तिथं आडवा होतो.

"आली बे तुही परवानगी," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. "कशाची, सर?"

"उठायची! कशाची म्हणजे? वेगळी खोली, मधात उठता येईल, चालता येईल, तेवढा वेळ वाढवून. वरून सहीशिक्का होऊन आली."

"पण सर, परीक्षा तर झाली."

"झाली तिले आता काही करता येत नाही. हिवाळी परीक्षेपासून लागू आहे." ते जरा थांबले. "तुहा एक पेपर आहे ना हिवाळीले? मंग त्याले लागू होते. पास झाला असता तं हा कागद वाया गेला असता पाहा."

ते हसले. मीही हसलो, आणि धन्यवाद म्हटलं. फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती. हात ओले होते. "कोणाचा होता?"

मी कुशीवर झालो, पाय खाली सोडले, उठून बसलो आणि तिला सांगितलं, की मधात उठायची परवानगी आली आहे, एका पेपरसाठी.